सगळ्यात मोठं वर्तुळ

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता दादा घरातून बाहेर पडला. फोन टेबलावरच राहिला, चार्जरला लावलेला. वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुठे निघालात?" तो म्हणाला, "जरा पाय मोकळे करून येतो." दुपारचे बारा वाजले तरी तो आला नव्हता.

वहिनीने धाकटीला फोन लावला तेव्हा ती कामावर होती. धाकटी म्हणजे दादाची बहीण. दोघांत नऊ वर्षांचं अंतर, त्यामुळे घरात तिला नावाने हाक मारायची वेळ कोणावर आलीच नाही.

"हे तुझ्याकडे आलेत का गं?"

"माझ्याकडे? ऑफिसात कशाला येईल तो?"

"काल तूच बसली होतीस ना त्यांना तुझं ते गोट्यांचं चित्र दाखवत. म्हटलं, त्याचंच काही विचारायला गेले असतील."

धाकटी म्हणाली, "येईल गं, कुठेतरी बसला असेल." फोन ठेवल्यावर मात्र तिचे हात कीबोर्डवर नुसतेच पडून राहिले.

दादा बस चालवायचा. सतरा वर्षं चालवत होता, आणि डेपोत त्याची ख्याती म्हणजे ज्याच्याविषयी सांगण्यासारखं काहीच नाही असा माणूस. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, भांडणात नसायचा, चहाच्या टोळक्यात असला तरी ऐकणाऱ्यांत असायचा. आदल्या शनिवारी संध्याकाळी त्याची बस नदीवरच्या पुलाचा कठडा तोडून अर्धी बाहेर लटकली. तीन प्रवासी गेले. दादाचं मनगट मोडलं आणि कपाळाला सहा टाके पडले. पोलिसांनी, डेपोच्या साहेबांनी, डॉक्टरांनी, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना त्याने एकच सांगितलं: "दवाखान्याचा स्टॉप सोडला ते आठवतंय. मग एकदम काच फुटल्याचा आवाज. मधलं काही नाही."

लोकांना वाटलं, वकिलाने पढवलंय. वकील तर अजून केलाही नव्हता.

चौकशी सुरू झाली आणि त्याला घरी बसवलं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. वहिनीने त्याच्या फोनवरचे संदेश बंद करून टाकले होते, कारण त्यात धमक्या होत्या आणि धमक्यांहून वाईट म्हणजे सांत्वनं होती. तो दिवसभर मधला तो तुकडा शोधत असायचा. आई ताट पुढे ठेवायची, तो दोन घास खायचा, हात धुवायचा आणि पुन्हा दवाखान्याच्या स्टॉपपासून सुरुवात करायचा.

आता धाकटीच्या कामाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कामातून निघालं.

ती शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर होती. बातमीखाली लोक प्रतिक्रिया लिहीत. अपघाताच्या बातमीखाली सोमवार दुपारपर्यंत साडेचार हजार जमल्या होत्या. इतकं कोण वाचणार? पहिल्या पन्नासातच माणूस गळपटतो. वर दिसतात त्या एक तर सगळ्यात नव्या असतात, नाही तर सगळ्यात शिवराळ. एखाद्याने विचार करून चार ओळी लिहिलेल्या असतात, त्या तळाशी गाडल्या जातात. शेवटी वाचणाऱ्याला वाटतं, गावातली सगळी माणसं पिसाळली आहेत.

या कल्लोळातून वाट काढायला ऑफिसात दीड वर्षापूर्वी 'वादाचा नकाशा' सुरू झाला होता. एका मुद्द्याला एक वर्तुळ. तो मुद्दा जितक्या जास्त माणसांनी मांडला तितकं वर्तुळ मोठं. एक मुद्दा दुसऱ्याला बळ देत असेल तर मध्ये हिरवी रेघ, खोडून काढत असेल तर लाल. वर्तुळावर बोट ठेवलं की आतल्या मूळ प्रतिक्रिया उघडत, पण उघडायची गरज सहसा पडत नसे आणि हेच त्या नकाशाचं कौतुक होतं. सार्वजनिक वाचनालय रविवारी उघडं ठेवावं की नाही, यावर दोन गट महिनाभर एकमेकांची उणीदुणी काढत होते. नकाशा आल्यावर दिसलं की दोघांचीही सगळ्यात मोठी वर्तुळं एकच आहेत: मुलांना अभ्यासाला जागा हवी. त्यानंतर भांडण आपोआप विरलं. बाईंनी, म्हणजे वेबसाइटच्या प्रमुखांनी, तो नकाशा चौकटीत घालून भिंतीवर लावला होता.

वर्तुळं आपोआप तयार होत नसत. संगणक सारख्या वाटणाऱ्या प्रतिक्रियांचे ढीग सुचवायचा. ते खरंच सारखे आहेत का, हे माणूस ठरवायचा आणि एकत्र करायचा. ऑफिसात याला 'शिवण' म्हणत. धाकटीची शिवण सगळ्यांत नीट, म्हणून तिचं नाव पडलं 'सुई'. प्रोग्राम लिहिणारा तिच्या पाठीमागे बसायचा. जाड चष्मा आणि खुर्ची न वळवता नुसती मान मागे फिरवून बोलायची खोड; त्याला सगळे 'घुबड' म्हणत आणि त्याची काही हरकत नव्हती.

शिवणीचे नियम थोडे होते. शीर्षक तीन शब्दांचं, कारण चौथा शब्द फोनवर वर्तुळाबाहेर सांडायचा. कोणाचं नाव घ्यायचं नाही. आणि बातमीत आपलं माणूस असेल तर बाईंना सांगून बाजूला व्हायचं.

धाकटीने सांगितलं नाही.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा सांगायचं मनात होतं. पण तिने सांगितलं असतं तर नकाशा दुपारच्या पाळीतल्या मुलीकडे गेला असता. ती मनाने चांगली, पण तिची शिवण म्हणजे नुसते धावदोरे. धाकटीला दादावर मेहेरबानी करायची नव्हती. घाई होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. शिवाय बातमीत चालकाचं नाव आलं नव्हतं. गप्प राहणं सोपं होतं.

मंगळवारी सकाळी पडद्यावर दोन मोठे ढीग आले. पहिल्यातल्या प्रतिक्रिया अशा: डुलकी लागली असणार. झोपेत होता बाबा. असल्यांना गाडी देतात कशी? दुसऱ्यातल्या अशा: सकाळची पाळी करून त्याच माणसाला संध्याकाळच्या पाळीवर बसवलं, कोण जागं राहील? माझे काका त्याच डेपोत आहेत, तिथे डबल ड्यूटीला नाही म्हणता येत नाही. झोप त्याला लागली नाही, त्याला आणली.

संगणकाने विचारलं: दोन्ही एकत्र करू?

घुबडाची मान फिरली. "दोन्हींत झोप आहे म्हणून म्हणतोय तो. त्याला बिचाऱ्याला तेवढंच कळतं. तू बघ."

दुसरा कुठलाही दिवस असता तर धाकटीने चहाचा कप खाली न ठेवता 'नाही' दाबलं असतं. एक ढीग माणसाला दोष देतो, दुसरा डेपोला. पहिल्या दिवशी शिकवतात ती ही गोष्ट. पण त्या दिवशी ती थबकली. मी हे वेगळे ठेवते आहे ते मुद्दे वेगळे आहेत म्हणून, की तो माझा भाऊ आहे म्हणून? तिने दोन्ही ढीग पुन्हा वाचले. दुसरा ढीग वाचताना तिला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचाच तिला संशय आला. बाईंपासून एक गोष्ट लपवून ती त्या खुर्चीत बसली होती. त्यात भावाच्या सोयीचा एक टाका घातला तर आपल्यात आणि डेपोच्या साहेबांत फरक काय, असं तिला वाटलं. उत्तर सापडेना, तेव्हा तिने ठरवलं की संशयाचा फायदा दादाला द्यायचा नाही.

तिने 'हो' दाबलं. दोन ढिगांचं एक वर्तुळ झालं, एकोणीसशे माणसांचं. नकाशावर त्याच्या निम्म्याएवढंही दुसरं नव्हतं. शीर्षक संगणकाने सुचवलं ते तिने तसंच ठेवलं: चालकाला झोप लागली.

"तू बरी आहेस ना?" घुबड म्हणाला.

"का?"

"काही नाही. मला वाटलं, वेगळे ठेवशील."

"तू तुझा प्रोग्राम बघ."

बुधवारी ती चारलाच घरी आली. आई टेबलाशी बसून भाजी निवडत होती. दादा खिडकीशी होता. तिने चपला काढल्या आणि पाठमोऱ्या दादाने विचारलं, "लोक काय म्हणतात गं, चिमे?"

शनिवारपासून त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. धाकटीला इतका आनंद झाला की तिने पुढचा विचार केला नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला, आईची भाजी बाजूला सरकवली आणि नकाशा उघडला. तिला दाखवायचं होतं की बोलणारे सगळेच त्याच्या जिवावर उठलेले नाहीत; कठड्याविषयी बोलणारे आहेत, पुलावरच्या बंद दिव्यांविषयी बोलणारे आहेत.

"हे काय, गोट्या मांडल्यात?" आई म्हणाली.

"आई, एक गोटी म्हणजे एक म्हणणं. मोठी गोटी म्हणजे ते म्हणणारे जास्त."

आईने चष्मा लावला. रविवारी तिने त्या प्रतिक्रिया वाचायचा प्रयत्न केला होता आणि नाद सोडला होता. "हे बरं आहे. त्या दिवशी वाचत होते तर एकाने लिहिलेलं, भर चौकात फटके द्या. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलेलं, घरबसल्या सोफा धुऊन मिळेल. मला कळेना, कोणाला काय उत्तर देतायत. यात निदान शिव्या न खाता कळतं."

वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "सोफावाला एकटाच शहाणा त्यात."

दादा खुर्ची ओढून जवळ आला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. मार्गांचे नकाशे बघण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. रेघ कुठून निघते, कुठे मिळते, कुठला थांबा मोठा, हे त्याचे डोळे आपोआप बघत. आधी कडेची लहान वर्तुळं पाहून तो मध्यावर आला.

"हे सगळ्यात मोठं?"

"हो. पण दादा, बाकीची सगळी मिळून त्याच्याहून..."

"'चालकाला झोप लागली.'" त्याने ते शब्द बसवरची पाटी वाचावी तसे वाचले. "किती जण आहेत यात?"

"एकोणीसशेच्या आसपास."

"एवढ्यांना माहीत आहे."

"माहीत कुठे आहे रे? मत आहे ते त्यांचं. त्यातलं कोणी बसमध्ये नव्हतं."

"मी होतो," दादा म्हणाला. "मला कुठे माहीत आहे?"

आई भाजीची काडी हातात धरून तशीच बसली. धाकटीने घाईघाईने कठड्याचं वर्तुळ पुढे आणलं, मग दिव्यांचं. ती बोलत राहिली. आत काय आहे ते उघडून बघ, एवढं एक वाक्य तिने म्हटलं नाही. आतल्या पहिल्याच काही प्रतिक्रिया फार विखारी होत्या आणि त्या त्याच्या नजरेला पडू नयेत असं तिला वाटत होतं. डबल ड्यूटीवाले त्यांच्या खाली होते.

दादाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठताना त्याने प्लास्टर नसलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "छान काढलंस चित्र. एका नजरेत कळतं माणसाला."

रात्री तो नीट जेवला. वहिनीला तेवढ्यानेही बरं वाटलं होतं.

गुरुवारी वहिनीचा फोन येऊन गेल्यावर धाकटीने रोजचं काम पुढे ओढायचा प्रयत्न केला. नकाशात एक सोय होती. प्रतिक्रिया देणाऱ्याला आपण कुठल्या वर्तुळात आहोत ते दिसायचं, आणि पटलं नाही तर 'माझा मुद्दा हा नव्हे' असं कळवता यायचं. एका नकाशावर अशा पाच-सहा हरकती येत. तिने पेटी उघडली तर दीडशेच्या वर होत्या, आणि जवळपास सगळ्या एकाच वर्तुळावर.

तिने पहिली उघडली.

"शनिवारी गेलेल्या तिघांपैकी एक माझे वडील. मी लिहिलं होतं की ज्याला दुसऱ्या पाळीवर बसवलं त्याच्यावर खापर फोडू नका, बसवणाऱ्यांना विचारा. तुमच्या नकाशात मी 'चालकाला झोप लागली' म्हणणाऱ्यांत उभी आहे. मी असं म्हटलेलं नाही. मला तिथून काढा."

धाकटीने ते दोनदा वाचलं. मग ती उठून बाईंच्या खोलीत गेली आणि बसायला सांगितलं नसताना बसली.

"बाई, बस चालवणारा माझा भाऊ आहे."

"कधीपासून?" बाई बोलून गेल्या, आणि लगेच त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे, तुला हे सोमवारी माहीत होतं?"

"हो."

"आणि तू नकाशा केलास."

"हो. आणि चुकीचा केला."

तिने सगळं सांगितलं. बत्तीस वर्षं बातम्या केलेली बाई. माणूस खोटं कुठे बोलतो ते ऐकायची त्यांना सवय होती आणि इथे त्यांना ती जागा सापडत नव्हती.

"भावाच्या बाजूने चूक केली असतीस तर आत्ता घरी पाठवलं असतं तुला," त्या शेवटी म्हणाल्या. "ही चूक कुठल्या खात्यात घालू, सांग."

"माहीत नाही. ती दुरुस्त करायला हवी. आणि तो सकाळपासून घरी नाही."

बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. "तू हात लावू नकोस. घुबड करेल. आणि तू घरी जा."

"झालं की जाते."

घुबडाने खुर्ची वळवली, तेव्हाच कळलं की त्याने काचेपलीकडचं सगळं ओळखलं आहे. दुपारच्या मुलीला शेजारी बसवून त्याने एकोणीसशे प्रतिक्रिया पुन्हा चाळायला घेतल्या. धाकटी मागे उभी होती. दोन तासांनी वर्तुळ दुभंगलं. 'चालकाला झोप लागली' यात उरले सहाशेच्या आत. नवं वर्तुळ तेराशेच्या वर गेलं: डबल ड्यूटी लावली. आता नकाशावर सगळ्यात मोठं तेच होतं.

"मध्ये रेघ कुठली टाकू?" घुबडाने विचारलं. "हिरवी की लाल?"

दुपारची मुलगी म्हणाली, "लाल. हे चालकाला सोडवतायत ना."

"सोडवतायत, पण झोप लागली हे नाकारत नाहीयेत. उलट धरूनच चाललेत. मग हिरवी."

"हिरवी कशी? ते शिव्या देतायत, हे त्याची बाजू घेतायत."

दोघांनी वळून सुईकडे पाहिलं. अशा वेळी शेवटचा शब्द तिचा असायचा. धाकटी पडद्याकडे बघत होती. तिच्या मनात असं होतं की वर्तुळ फोडलं, दादाला दाखवलं, की तो घरी येईल. आता तिला दिसलं की तेराशे माणसं दादाची बाजू घेत होती आणि त्यातल्या एकालाही शंका नव्हती की तो झोपला होता. दोष कोणाचा, यावर गाव भांडत होतं. दादाने दोष कोणाचा हे विचारलंच नव्हतं. त्याला दवाखान्याच्या स्टॉपपासून पुलापर्यंतचा रस्ता हवा होता, आणि तो कुठल्याच वर्तुळात नव्हता.

"नका टाकू रेघ," ती म्हणाली.

घरी सगळे हवालदिल होते. वहिनी डेपोत जाऊन आली होती, दोन्ही दवाखाने पाहून आली होती, पुलाच्या अलीकडे लावलेल्या अडथळ्यापर्यंतही जाऊन आली होती. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं की सकाळपासून कोणी आलं नाही, आलं असतं तरी त्याने सोडलं नसतं. संध्याकाळी पोलीस चौकीत तक्रार झाली. हवालदाराने विचारलं, "घरात काही वाद?" वहिनी म्हणाली, "घरात नाही."

घरी परतल्यावर ती धाकटीशी बोलली ती तिच्याकडे न बघता. "चार दिवस त्या खुर्चीतून हलले नव्हते. तुझं चित्र बघितलं आणि निघाले."

"वहिनी, मी..."

"मला नको समजावूस. तुला समजावता येतं गं सगळं. तेच तर काम तुझं."

आईने दोघींमध्ये पाण्याचे पेले ठेवले. थोड्या वेळाने तिने धाकटीला हळूच विचारलं, "आता ते मोठं राहिलं नाही ना?"

"नाही, आई. दुसरं मोठं झालंय. त्याच्या बाजूचं."

"मग त्याला कळवायला हवं."

"फोन इथेच आहे त्याचा."

"ते माहीत आहे मला. दुसरं काहीतरी असेल की तुमच्याकडे."

धाकटीने बाईंना फोन केला. दुरुस्ती उद्याच्या छापील अंकात पहिल्या पानावर घ्या, नकाशासकट, असं ती म्हणाली. वेबसाइट तो बघणार नाही. पेपर कुठल्याही स्टँडवर, कुठल्याही टपरीवर पडलेला असतो.

"दुरुस्त्या तिसऱ्या पानावर जातात," बाई म्हणाल्या. "खाली डाव्या कोपऱ्यात."

"माहीत आहे."

"वर्तुळं छापून माणूस परत येतो असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण मी त्याला चुकीचं दाखवलं. खरं निदान त्याच्या वाटेत तरी पडलेलं असू दे."

"पहिल्या पानावर घेते," बाई म्हणाल्या. "तुझ्या भावासाठी नाही. एवढ्या माणसांना आपण नको तिथे नेऊन उभं केलं, त्यासाठी. आणि तू सोमवारपासून वाचनालयाच्या बातम्यांचं पान बघायचं."

"बरं."

"जेवलीस का?"

धाकटी हो म्हणाली. ती जेवली नव्हती.

शुक्रवारी सकाळी पेपर आला. पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात दोन्ही नकाशे शेजारी शेजारी होते, जुना आणि नवा. खाली चार ओळी: आधीच्या नकाशात दोन वेगळे मुद्दे एकत्र केले गेले होते, चूक आमची होती. दादाचं नाव नव्हतं. धाकटीचंही नव्हतं. आई तो पेपर घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. दादाच्या त्या खुर्चीत गुरुवारपासून कोणी बसलं नव्हतं.

साडेदहाला पोलिसांचा फोन आला. नदीपलीकडच्या गावाच्या बस स्टँडवर चहा विकणाऱ्याने दादाचा फोटो ओळखला होता. पहाटेपासून तो तिथल्या बाकावर बसलेला होता. त्याने दोन वेळा चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, कुठे जायचंय? तर म्हणाला, अजून ठरवलं नाही. चौकशी करणाऱ्या हवालदाराला धाकटीने विचारलं की तेव्हा स्टँडवर पेपर आले होते का. त्याने चहावाल्याला विचारून सांगितलं: पेपरची गाडी आज उशिरा आली, पण किती उशिरा, त्याने लक्ष दिलं नाही.

स्टँडवर एक कॅमेरा आहे. त्यात पावणेनऊच्या सुमारास दादा बाकावरून उठताना दिसतो. बाकावर घडी घातलेला एक पेपर आहे. तो आजचा की कालचा, दादाने वाचला की आधीच कोणी टाकून गेलं होतं, हे त्या चित्रात कळत नाही. तो दोन फलाटांच्या मधून चालत जातो आणि कॅमेऱ्याच्या बाहेर पडतो. त्या वेळी तिथे दोन बस उभ्या होत्या. एक पुढे किनाऱ्याकडे जाणारी, एक इकडे येणारी. दोन्हींच्या वाहकांशी अजून बोलणं झालेलं नाही.

पूल बंद असल्यामुळे इकडे येणारी बस सध्या लांबच्या रस्त्याने वळसा घालून येते. दुपारी बारा वाजता ती अजून पोहोचलेली नव्हती.